चाक कुठलं घेऊ, ताई?

माउंटन बाइक घ्यायची म्हटल्यावर सायकल ग्रुपमधल्या मुलांनी तुला ‘डोळे मिटून ट्वेंटीनाइनर घे’, म्हणजे २९ इंची चाकांची घे, असं सांगितलं असणार. खोटं नाही सांगत गं ती. फक्त सांगणाऱ्यांची उंची बघ एकदा. पाच दहा, पाच अकरा. आणि तू चपला घालून पाच-एक! मोठ्या चाकाचं कौतुक मीही करते, पण ते तुझ्या अंगाला बसतंय का, ते आधी बघू.

मोठ्या चाकाचा फायदा खराच आहे. दगड तोच असला तरी २९ इंची चाक त्याला कमी चढ्या कोनातून भिडतं, म्हणून अडखळत नाही, वरून निघून जातं. बैलगाडीचं चाक मोठं का असायचं, तर याचसाठी. शिवाय मोठ्या चाकाचा टायर जमिनीला थोडा जास्त लांब टेकतो. आपल्या टेकड्यांवर मुरमाचा चढ लागला की मागचं चाक जागच्या जागी फिरायला लागतं ना, तिथे हा आधार कळतो. एकदा वेग धरला की तो टिकतोही.

मात्र हे चाक जड असतं आणि त्याचं वजन कडेला, रिम-टायरमध्ये असतं. थांबून पुन्हा निघताना, अरुंद वाटेवरच्या कोपऱ्यात सायकल वळवताना पायांना आणि खांद्यांना ते जाणवतं.

आता आकड्यांची एक गंमत. २६, २७.५, २९ ऐकून वाटतं, मधलं अगदी मधोमध असेल. तसं नाही. टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास मोजला तर २६ चा ५५९ मिलिमीटर, २७.५ चा ५८४ आणि २९ चा ६२२. म्हणजे २७.५ हे जुन्या २६ चंच जवळचं भावंड. आणि ६२२ म्हणजे तुझ्या हायब्रिडच्या ७००सी चाकाचंच माप, फक्त टायर जाडा. २६ चं माप तर ट्रेलसाठी कुणी गणित मांडून काढलेलंच नव्हतं. सत्तरच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत पोरं माउंट टॅमच्या उतारावरून जाड टायरच्या जुन्या सायकली पळवायची, त्या सायकलींना ते होतं, म्हणून तेच पुढे चाललं. आज नवीन घेताना २६ चा विचार नकोच. चांगले ट्रेल टायर त्या मापात शोधत बसावं लागतं.

आता तुझ्या उंचीचा प्रश्न. मोठं चाक आणि वर सस्पेन्शन फोर्क, त्यामुळे हँडल वर जातं. उंच माणसाला चालतं. तुझं मात्र हँडल सीटच्या वर येणार, अंगाचा भार मागे जाणार आणि खड्या चढावर पुढचं चाक उचलायला लागणार. फ्रेम लहान आणि चाक मोठं असलं की सावकाश वळताना बुटाचं टोक पुढच्या टायरला लागू शकतं. आणि उतारावर आपण सीटच्या मागे सरकतो ना, तेव्हा मागचा टायर ढुंगणाला घासून जातो! पुरुषांना हे सुचत नाही, कारण त्यांना ते सहसा लागत नाही. सायकल बनवणाऱ्यांना मात्र ठाऊक आहे. ट्रेक कंपनीने आपल्या मार्लिन सायकलच्या लहान मापांना २७.५ आणि मोठ्यांना २९ चाकं दिली ती उगाच नव्हे.

कुणी म्हणेल, २७.५ जुनं झालं. त्याला माउंटन बाइक रेसर निनो शुर्टरची गोष्ट सांग. २०१२ मध्ये पीटरमारिट्झबर्गची वर्ल्ड कप शर्यत त्याने याच मापावर जिंकली. त्याच वर्षी लंडन ऑलिंपिकमध्ये मात्र २९ वाल्या यारोस्लाव कुल्हावीने त्याला शेवटच्या फेरीत गाठून सुवर्ण नेलं आणि २०१६ ला रिओत शुर्टरने स्वतः सुवर्ण मिळवलं ते २९ वर. (हे शेवटचं वाक्य त्या मुलांना सांगायचं की नाही, ते तू ठरव.) पण शर्यतीत सेकंद मोजतात. आपल्याला टेकडीवरून धड खाली यायचं असतं.

पुढे २९, मागे २७.५ अशीही सायकल मिळते, तिला मलेट म्हणतात. छान असते, पण पहिल्या माउंटन बाइकला हा खर्च नको.

चाकाच्या नादात टायर आणि ब्रेक विसरू नकोस. स्वस्त सायकलीवर ‘२९’ मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं आणि खाली जड लोखंडी फ्रेम, नावापुरता फोर्क. त्यापेक्षा हायड्रॉलिक डिस्क ब्रेक आणि २.३ इंची चांगला टायर बघ. दुकानवाला हवा टणक भरून देईल, ती कमी कर. तुझ्या वजनाला ट्युबलेसमध्ये वीस-बावीस पीएसआय पुष्कळ. ट्यूब असेल तर थोडी जास्त ठेव, नाहीतर दगडावर रिमखाली चिमटून पंक्चर होईल.

दुकानात राइडचे बूट घालून जा. सायकलवर दोन्ही पाय टेकवून उभी राहा, आडव्या दांड्याच्या वर दोन-तीन इंच मोकळी जागा हवी. मग हँडल पूर्ण वळवून बुटाचं टोक लागतं का बघ, आणि दोन्ही मापं चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. लहान फ्रेमवर २९ खरंच नीट बसली, तर खुशाल तीच घे. पण तुझी उंची बघता एक्सएस फ्रेम आणि २७.५, यावरच तू येशील असं मला वाटतं.