कूझी आणि जोन्स

बास्केटबॉलच्या संघात चेंडू पुढे नेऊन तो कोणास द्यावयाचा हे ठरविणाऱ्या खेळाडूस पॉइंट गार्ड म्हणतात. अमेरिकेतील बॉस्टन सेल्टिक्स या संघात १९५० पासून हे काम बॉब कूझी करीत असे. पाठीमागून चेंडू वळविणे, एकीकडे पाहून दुसरीकडे पास देणे यांत त्याचा हातखंडा होता. १९५३ ते १९६० अशी सलग आठ वर्षे, सहकाऱ्यांस गोल करून देण्यात तो एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत पहिला आला.

१९५८ मध्ये के. सी. जोन्स संघात आला व पाच हंगाम कूझीचा राखीव म्हणून खेळला. त्याची नेमबाजी बेताचीच होती; सामन्यामागे सरासरी दहा गुण त्यास एकाही हंगामात मिळविता आले नाहीत. गुणांचीच बेरीज पाहणारा त्यास सामान्य ठरवील. परंतु प्रतिपक्षाच्या गार्डला तो असा बिलगून राही की, त्यास साधा पास देणेही कठीण जाई. असा अडविलेला पास गुणफलकावर दिसत नाही. (शाळेतील प्रगतिपुस्तकही या बाबतीत फारसे वेगळे नसते.) चेंडू हिसकावल्याची नोंद एनबीएने १९७३-७४ च्या हंगामापासून ठेवली, आणि जोन्स तर १९६७ मध्येच निवृत्त झाला होता.

१९६३ मध्ये कूझी निवृत्त झाला. त्याची जागा जोन्सने घेतली. पुढील तिन्ही वर्षी, १९६४, १९६५ व १९६६ मध्ये, अजिंक्यपद बॉस्टनकडेच राहिले. त्यात सेंटर बिल रसेल याचा वाटा मोठा होता, हे खरेच.