कूलरवाल्याची लेक आणि ३५ गुणांचं विज्ञान

दिवाळीचा फराळ संपला की आमच्या मानेवाड्याच्या घरात संध्याकाळी आठवीतली पोरं सतरंजी टाकून बसतात. डिसेंबरात त्यांची एनएमएमएस असते. केंद्राची शिष्यवृत्ती, राज्यात परीक्षा घेते पुण्याची परीक्षा परिषद. ९० प्रश्नांचे दोन पेपर. त्यातल्या शालेय क्षमता चाचणीत विज्ञानाचे ३५ प्रश्न, समाजशास्त्राचे ३५, गणिताचे २०. मी नोकरीभर विम्याच्या फायली चाळल्या, पण कधीकाळची बी.एस्सी. आहे ही बातमी गल्लीत फुटलेली होती. त्यामुळे सातवी-आठवीचं विज्ञान माझ्या वाट्याला आलं.

१. उजळणीत मुलांना काय येतं ते कळत नाही, त्यांनी काय घोकलंय तेवढं कळतं. बाष्पीभवनाचा वेग कशावर अवलंबून असतो, असं विचारलं की सतरंजीवरून कोरस उठतो: तापमान, पृष्ठभागाचं क्षेत्रफळ, वारा, आर्द्रता. मी खूश. मग सहज विचारलं, आपला कूलर मे महिन्यात घर गार करतो आणि जुलैत नुसता घरघरतो, असं का? कोरस बंद. अख्खं नागपूर ज्याच्या भरवशावर ४५ अंशांचा उन्हाळा काढतं, तो कूलर विज्ञानात येतो हे कुणाच्या गावीच नव्हतं. शेवटी मागच्या रांगेतली एक मुलगी बोलली. तिचे वडील कूलरचं गवत बदलायची, मोटार दुरुस्तीची कामं करतात. म्हणाली, ‘‘काकू, हवेतच पाणी भरून असते तं ताटीतलं पाणी जाईन कुठं? म्हणून तं पाऊस आला का बाबांचं काम बंद होते.’’ पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती आत येणाऱ्या हवेतून घेतली जाते, म्हणून हवा थंड होते. आणि हवा आधीच ओली असली की हा सगळा व्यवहार मंदावतो. एवढं सांगायला मी फळ्यावर बाण काढणार होते. तिनं ते घरातल्या मिळकतीच्या हिशेबात सांगितलं. आणि गंमत अशी, की आदल्या दिवशीच्या सराव पेपरात आर्द्रतेचा प्रश्न हिचाच चुकला होता.

२. तेव्हापासून वाटतं, की मुलाला गोष्ट ठाऊक असते, पुस्तकही पाठ असतं, पण दोघांची ओळख करून द्यायला कुणी मध्ये नसतं. ते काम वाटतं तितकं सोपं नाही. मला चुलीपासून सायकलच्या ब्रेकपर्यंत सगळं धड्याला जोडायचा असा नाद लागला, की एक मुलगा कंटाळून म्हणाला, ‘‘काकू, आता नुसतं उत्तर सांगा ना.’’ बरोबरच होतं त्याचं. ९० मिनिटांत ९० प्रश्न सोडवायचे असताना कुणाला कूलर आठवत बसायला वेळ आहे?

३. चार पर्यायांची परीक्षा शहाण्या मुलाला जास्त छळते. ‘मेणबत्ती जळणे’ हा भौतिक बदल की रासायनिक? मेण वितळतं, खाली ओघळून पुन्हा घट्ट होतं: भौतिक. वात पेटते, मेणाच्या वाफेचं ज्वलन होतं, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ तयार होते: रासायनिक. वरवर वाचणारा पोरगा पटकन एक गोळा काळा करून पुढे जातो. विचार करणारा तिथेच अडून बसतो. ‘‘दोन्ही बरोबर आहे तं काय करायचं?’’ मी म्हटलं, प्रश्न पुन्हा वाच, ‘जळणे’ म्हटलंय की ‘वितळणे’. हे उत्तर परीक्षेपुरतं ठीक होतं. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, की त्याला ते परीक्षेपुरतंच वाटलं.

४. सगळ्यात चांगला प्रयोग सुटीत येतो. सावल्यांचा धडा काढला की शून्य सावलीचा दिवस सांगावाच लागतो. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवर आणि नागपूर साधारण २१ अंशांवर, म्हणजे वर्षातून दोनदा सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर. पहिली वेळ २६ मेच्या आसपास. तेव्हा विदर्भातल्या शाळा बंद आणि पोरं मामाच्या गावी. दुसरी जुलैच्या मध्यात, तेव्हा शाळा सुरू पण आभाळ भरलेलं. नोव्हेंबरात मी टॉर्च आणि पाण्याची बाटली घेऊन नकली सूर्य उगवते. तेवढ्यात एकानं विचारलं, ‘‘सावली बारालाच गायब होते का?’’ नाही बाबा, मेमध्ये आपल्याकडे बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं, आपण त्याच्या पश्चिमेला. पोरांना हे फार लागलं. झिरो माइलच्या गावात राहून आपली दुपार दुसऱ्याच्या घड्याळावर!

५. थोर माणसांच्या नावांनी संकल्पना झाकली जाते. आकाश निळं का, तर ‘‘रमन!’’ गांधीसागरजवळचं रमन विज्ञान केंद्र बहुतेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलेलं, २८ फेब्रुवारी पाठ. आकाशाच्या निळेपणाचं उत्तर रॅलेचं आहे, रमन यांचं कोडं समुद्राच्या निळाईवरून सुरू झालं, हे सांगितलं तर पोरांना मी नागपूरच्या माणसाचं श्रेय पळवतेय असं वाटलं. रमन १९१०च्या सुमारास काही काळ इथे लेखा खात्यात नोकरीला होते, हे मीच आधी कौतुकानं सांगून बसले होते. मग ग्लासभर पाण्यात चमचाभर दूध टाकून टॉर्च मारला. बाजूनं निळसर, समोरून तांबूस. सूर्यास्त आणि दुपार एकाच ग्लासात दिसल्यावर श्रेयाचा वाद मिटला.

६. गोळे करायचा सराव करावा लागतो. यावर जास्त काय लिहायचं! उत्तर येतं, गोळा भलत्याच ओळीत जातो.

७. परीक्षा विज्ञानाची आहे हे मला वाटतं, घरच्यांना ती पैशाची आहे हे माहीत असतं. एका मुलीची आई दारात उभी राहून विचारत होती, ‘‘बाराशे का बारा हजार?’’ वर्षाला बारा हजार, नववीपासून बारावीपर्यंत, थेट खात्यात, म्हटल्यावर तिनं चप्पल काढली आणि आत येऊन बसली. आठवीनंतर मुलांची शाळा सुटू नये म्हणून २००८ साली ही योजना आली. उत्पन्नाची मर्यादा साडेतीन लाख, शाळा सरकारी, पालिकेची किंवा अनुदानित हवी. महाराष्ट्राच्या वाट्याला ११,६८२ जागा. म्हणजे सतरंजीवरच्या सगळ्यांना ती मिळणार नाही, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. ते मी पोरांना सांगत नाही. त्यांनाही ते ठाऊक असतं आणि तेही मला सांगत नाहीत.

८. परीक्षा झाली की उजळणीला खरा रंग चढतो. पेपर देऊन आलेली पोरं अंगणात भांडत असतात: याचं ‘ब’, त्याचं ‘ड’, आणि पंच मी. पुढे परिषदेची अंतरिम उत्तरसूची येते, त्यावर आक्षेप नोंदवता येतो. उष्णतेच्या एका प्रश्नावरून एक जण हटून बसला, की सूचीतलं उत्तर चूक आणि त्याचं बरोबर. मला सूचीच बरोबर वाटत होती. तरी म्हटलं, आक्षेप घ्यायचा तर पुरावा लागतो, बालभारतीच्या पुस्तकातलं पान शोध. तो म्हणाला, ‘‘पान नाही सापडलं काकू. पण मी घरी दोन गंज घेऊन करून पाह्यलं. ते लिहिलं तं चालंन का?’’