पॉलिसी म्हणजे एलआयसी नव्हे, भाऊ!

"पोरगी म्हणते, पॉलिसीत जाचं हाये. आता मले सांगा, एलआयसीच्या एजंटले बीटेक कायले पायजे?"

मोर्शीकडच्या एका संत्रा बागायतदाराने हे विचारलं, तेव्हा मला हसू आलं नाही. सार्वजनिक धोरण हा शिकण्याचा विषय आहे आणि त्यावर पोटही भरतं, हे आपल्याकडे सांगतं कोण? मी त्यांना त्यांच्याच बांधावरची गोष्ट सांगितली.

आंबिया बहार घ्यायचा तर थंडीत बाग ताणावर सोडायची, जानेवारीच्या सुमारास पाणी सुरू करायचं. फळ तोडायला दिवाळी उजाडते. मधला उन्हाळा काढायचा तो विहिरीच्या भरवशावर, आणि विहीर नेमकी तेव्हाच तळाला गेलेली असते. मग पाणाड्या येतो. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ उभा राहतो. रात्री बोअरची मशीन लागते आणि घरधनी बॅटरीच्या उजेडात, बोअरमधून उडणारी भुकटी ओली की कोरडी, ते चिमटीत धरून पाहत बसतो. दोनशे फुटांवर नाही लागलं, तर आणखी पन्नास. पुढल्या वर्षी शेजारी त्याहून खोल जातो. असं करत करत वरुड-मोर्शीचा पट्टा अतिउपशासाठी बदनाम झाला. गावात त्याला सरळ 'डार्क झोन' म्हणतात.

गंमत अशी, की 2009 च्या महाराष्ट्र भूजल अधिनियमात 60 मीटरपेक्षा, म्हणजे साधारण दोनशे फुटांपेक्षा, खोल विहिरींवर बंधन आहे. कायदाही आहे आणि मशीनही आहे. या दोहोंच्या मधल्या जागेत धोरणाचं काम चालतं. काळ्या दगडाच्या भेगांत पाणी किती मुरतं, हे भूवैज्ञानिक सांगेल. ठिबकने किती वाचतं, हे इंजिनीअर सांगेल. पण वाचलेल्या पाण्यावर शेतकरी आणखी दोन एकर बाग लावून मोकळा होतो, त्याचं काय? अनुदान, वीज, कर्ज, भाव, शेजाऱ्याशी चढाओढ हे सगळं एकत्र मांडून "नियम असा केला तर गावात काय घडेल" हे सांगणारा माणूस लागतो. जवळच सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे. त्यातलं शहराला किती, उद्योगाला किती, बागेला किती, हा हिशेबही नुसत्या गणिताने सुटत नाही.

हे काम मुंबई-दिल्लीतच होतं असं नाही. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, 2018 पासून विदर्भ-मराठवाड्यातल्या गावांत राबवला गेला. त्यातल्या गावनिहाय पाण्याच्या ताळेबंदाची पद्धत आयआयटी मुंबईच्या मदतीने बसवली गेली. त्या आयआयटीत 1985 पासून 'सितारा' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र आहे. तिथे 'तंत्रज्ञान आणि विकास' या विषयात एमटेक करता येतं. गेट परीक्षेतून प्रवेश मिळाला, तर महिना 12,400 रुपये विद्यावेतन मिळतं. बापाच्या डोक्यावरचा भार तेवढाच हलका.

आता माझं स्पष्ट मत. बारावीनंतर लगेच लाखोंची फी भरून 'पब्लिक पॉलिसी'ची पदवी घेऊ नका. आधी हाताला एक शास्त्र असू द्या. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातलं बीएस्सी असो, इंजिनीअरिंग असो की भूशास्त्र. धोरण त्याच्यावर चढवायचं. ज्याला झाडावरचा डिंक्या रोग ओळखता येत नाही, त्याने संत्र्याचं धोरण लिहू नये, एवढं माझं साधं म्हणणं आहे.

पदवीनंतर वाटा आहेत. मुख्यमंत्री फेलोशिप 2015 मध्ये सुरू झाली: पदवीला 60 टक्के, वर्षभराचा अनुभव, वय 21 ते 26, अशा अटी असतात. दर वेळी नवी जाहिरात मात्र नीट वाचा. दिल्लीत पीआरएस या संस्थेची लॅम्प फेलोशिप खासदारासोबत काम करायला देते. पुण्याची गोखले संस्था, मुंबईची टिस, आयआयटीचंच धोरण अभ्यास केंद्र, हीही दारं ठोठावावीत.

नोकरीची हमी? नाही. यातली बरीच कामं प्रकल्पाच्या मुदतीची, कंत्राटी असतात. मुलीला एमपीएससीची तयारीही करायची असेल, तर करू द्या. भूजल खात्यात गेली तरी हे शिकलेलं वाया जात नाही. लग्नाच्या बाजारात 'जावई काय करतात' याचं उत्तर जसं पटकन देता येतं, तसं या कामाचं देता येणार नाही, हेही मान्य.

पण निदान एक करा, भाऊ. येत्या ऑक्टोबरात पोरीला विहिरीवर न्या. दोराला दगड बांधून पाणी किती फुटांवर आहे ते मोजायला लावा आणि तारखेसकट वहीत लिहू द्या. मग जानेवारीत, मार्चमध्ये, मेमध्ये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणाही आपल्या निरीक्षण विहिरी याच चार महिन्यांत मोजते.