आईची औषधे आणि घरातील लहान मुले
द्विध्रुवी मनोविकाराच्या उपचारांविषयी

मानसोपचार विभागात तपासणीस येणाऱ्या कुटुंबाचा पहिला प्रश्न बहुधा ‘गोळ्या किती दिवस घ्याव्या लागतील?’ असा असतो. रुग्ण लहान मुलांची आई असेल तर तिचा प्रश्न निराळा असतो, आणि घरची मंडळी बाहेर गेल्यावर ती तो हळू आवाजात विचारते : ‘गोळी घेतली की सकाळी जागच येत नाही, मुलांचे आवरायचे कोणी?’ द्विध्रुवी मनोविकार, म्हणजे ज्याला सर्वसाधारणपणे ‘बायपोलर’ म्हटले जाते त्या आजाराच्या उपचारांचे यश पुष्कळदा या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून यंदाच्या अहवालात हा विषय थोड्या विस्ताराने मांडीत आहोत.

या आजारात मन दोन टोकांकडे ओढले जाते. उन्मादाच्या काळात झोपेची गरज वाटत नाही, बोलण्याला आणि बेतांना अंत राहत नाही, हातातून पैसा वाहतो. नैराश्याच्या काळात अंथरुणातून उठणे हेच दिवसाचे मोठे काम होऊन बसते. मधल्या काळात रुग्ण तुमच्या-आमच्यासारखाच असतो. औषधे मात्र मधल्या काळातही घ्यावी लागतात आणि अडचण नेमकी तेथेच आहे. ताप असताना कडू औषध घेणे कोणासही जड जात नाही; परंतु बरे वाटत असताना, ज्या गोळीने हात थरथरतो, डोळ्यांवर झापड येते आणि अंग सुटते ती महिनोन् महिने घेत राहणे कठीण असते. अशा वेळी औषध बंद करणाऱ्या माता बेफिकीर असतात, असे समजण्याचे कारण नाही. आम्ही पाहिलेल्या बऱ्याच जणींनी ते मुलांसाठीच बंद केले होते. काही आठवडे खरोखरच हलके वाटते. पुढे आजार उलटतो आणि ज्या मुलांसाठी हे केले, तीच मामाकडे किंवा आत्याकडे ठेवण्याची पाळी येते. लिथियमसारखे औषध एकाएकी थांबविल्यास आजार उलटण्याचा धोका ते हळूहळू कमी करण्यापेक्षा अधिक असतो, हे अभ्यासांतून दिसून आले आहे.

म्हणूनच दुष्परिणामांची तक्रार हा उपचाराचाच भाग मानावा, असे आम्ही नातेवाइकांना आग्रहाने सांगतो. ‘थोडे सोसावे लागते’ हे वाक्य घरात जितके कमी उच्चारले जाईल तितके बरे. तक्रार सांगतानाही ती घरच्या कामाच्या भाषेत सांगावी. ‘सुस्ती येते’ एवढ्यावरून डॉक्टरांना फारसे कळत नाही. ‘सातच्या शाळेसाठी सहाला उठावे लागते आणि मी आठपर्यंत शुद्धीवर नसते’, असे सांगितले तर मात्रा, वेळ किंवा औषध यांपैकी काय बदलावे याचा विचार करता येतो.

लिथियम, मीठ आणि पाणी

या औषधांत लिथियम हे सर्वांत जुने व आजही अत्यंत उपयुक्त असे औषध आहे. ऑस्ट्रेलियातील मानसोपचारतज्ज्ञ जॉन केड यांनी उन्मादावरील त्याचा गुण १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. हा एक साधा क्षार आहे आणि गोळी स्वस्त आहे. तथापि गुण देणारे प्रमाण आणि अपाय करणारे प्रमाण यांत अंतर थोडे आहे. रक्तातील पातळी सामान्यतः लिटरमागे ०.६ ते १.० मिलिमोल इतकी राखली जाते; १.५ च्या पुढे विषबाधेची भीती असते, आणि काहींना त्याआधीच त्रास जाणवू लागतो.

नेहमीचे त्रास म्हणजे तहान, वारंवार लघवी आणि हातांची बारीक थरथर. परगावी निघालेल्या बसमध्ये मूल मांडीवर घेऊन बसलेल्या स्त्रीला वारंवार लघवीची अडचण काय असते, हे पुरुष डॉक्टरांच्या सहसा लक्षात येत नाही. थरथरीमुळे तान्ह्या बाळाची नखे कापणे किंवा त्याला चमच्याने औषध पाजणे अवघड होते; ही कामे दुसऱ्याने करावीत. बाळाची अंघोळ जमिनीवर पाट मांडून, बसूनच घालावी. मात्रा थोडी कमी करून अथवा थरथर कमी करणारे औषध जोडून पुष्कळदा आराम पडतो. चहाने थरथर वाढते हे खरे; पण म्हणून चहा एकदम सोडू नये, कारण तसे केल्यास रक्तातील लिथियम वाढू शकते. सवय बदलायची असल्यास डॉक्टरांना सांगून हळूहळू बदलावी.

सर्वांत महत्त्वाची बाब पाणी आणि मीठ यांची आहे. मूत्रपिंड लिथियमला जवळजवळ मिठातील सोडियमप्रमाणेच वागविते. शरीरातील पाणी किंवा मीठ घटले की ते लिथियमही धरून ठेवते व रक्तातील पातळी चढते. आपल्याकडे याचे प्रसंग ठरलेले आहेत. हरतालिकेचा निर्जळी उपवास, आषाढी एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, विदर्भ-मराठवाड्यातील मे महिन्याचे ऊन, आणि पावसाळ्यातील जुलाब-उलट्या. मुलाला जुलाब झाले की दोन दिवसांत त्याची सेवा करणाऱ्या आईलाही होतात. ती मुलाला मीठ-साखरेचे पाणी पाजते आणि स्वतः मात्र काहीच न घेता लिथियमची गोळी तेवढी नेमाने घेते. निर्जळी उपवास लिथियम घेणाऱ्या व्यक्तीने करू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. पाणी आणि नेहमीइतके मीठ चालू ठेवून करावयाचा उपवासही विचारून करावा. रक्तदाबासाठी अळणी खाण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो पाळण्यापूर्वी मानसोपचार विभागास कळवावे.

दुसरा धोका वेदनाशामक गोळ्यांचा आहे. मूल कडेवर घेऊन कंबर धरते आणि औषधाच्या दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणले जाते. या गोळ्यांमुळे रक्तातील लिथियम वाढते. अशा वेळी सहसा पॅरासिटामॉल चालते. उलट्या, जुलाब, हाताची जोराची थरथर, तोल जाणे, जीभ जड होणे, गुंगी ही लक्षणे दिसल्यास पुढची गोळी न देता रुग्णास तत्काळ रुग्णालयात आणावे. नशा केली असावी या समजुतीने रुग्णाला झोपवून ठेवल्याचे प्रसंग आम्ही पाहिले आहेत.

येथेच एक गोष्ट सांगून ठेवतो. या गोळ्या लहान मुलाच्या पोटात गेल्यास जिवावर बेतू शकते. उशीखाली, पर्समध्ये किंवा देव्हाऱ्याशेजारी ठेवलेली पाकिटे दोन वर्षांच्या मुलाच्या हाती सहज लागतात. गोळ्या कुलपात ठेवाव्यात. मुलाने गोळी गिळल्याची नुसती शंका आली तरी पाकिटासह त्याला रुग्णालयात आणावे.

झोप

ओलान्झापिन, क्वेटियापिन यांसारख्या औषधांनी उन्माद आवरतो, पण गुंगी येते. घरातील गाऱ्हाणी सर्वांत अधिक या गुंगीवरून होतात. रात्री अकरा वाजता भांडी घासून, दूध तापवून, दप्तरे भरून झाल्यावर घेतलेली गोळी सकाळी सहाला डोळे उघडू देत नाही. तीच गोळी डॉक्टरांना विचारून साडेआठला घेतल्यास पहाट बरीच हलकी होते. हा उपाय कागदावर सोपा आहे. प्रत्यक्षात मात्र त्याचा अर्थ असा की साडेनऊनंतरचे घर दुसऱ्या कोणी सांभाळावयाचे. सून साडेनऊला झोपते ही बाब अनेक सासूबाईंना रक्तातील लिथियमच्या पातळीहून अधिक गंभीर वाटते. म्हणून या टप्प्यावर आम्ही पती व सासूबाई यांना एकत्र बोलावतो आणि औषधाचा कागद त्यांच्यापुढे ठेवतो. द्विध्रुवी विकारात झोपमोड हे स्वतःच उन्मादाला निमंत्रण असते. त्यामुळे तिची अखंड झोप ही गोळीइतकीच आवश्यक आहे, हे समजल्यावर बहुतेक घरे वळतात. सगळी वळत नाहीत.

गेल्या काळातील एका कुटुंबाचे उदाहरण देता येईल. बाळ दहा महिन्यांचे, पतीची नोकरी पाळीची. रात्रपाळीच्या आठवड्यात आई गोळी टाळीत असे, कारण बाळ रडले तर आपल्याला ऐकू येणार नाही ही तिची भीती होती. ती भीती खोटी नव्हती. त्या आठवड्यांत जाऊबाईंनी येऊन झोपावे, रात्रीचे दूध त्यांनी वाटी-चमच्याने पाजावे आणि बाळाचे अंथरूण त्यांच्याजवळ घालावे, असे ठरले. गुंगीचे औषध घेणाऱ्या व्यक्तीने तान्ह्या बाळाला आपल्याच अंथरुणात घेऊन झोपू नये. अंगाखाली सापडण्याचा धोका असतो. आपल्याकडे बाळाला दूर झोपविण्याची पद्धत नाही हे आम्ही जाणतो. आजीच्या कुशीला कोणाचाच आक्षेप नसतो. पण तीही झोपेच्या गोळ्या घेत नाही ना, हे विचारून घ्यावे.

हा आजार पुरुषांनाही तितकाच होतो. सकाळच्या गुंगीत मुलाला पुढे उभे करून स्कूटर चालविणाऱ्या वडिलांनी मात्रा स्थिर होईपर्यंत शाळेची ने-आण दुसऱ्याकडे द्यावी.

वजन, पुरळ आणि इतर

वजन वाढणे, रक्तातील साखर चढणे, केस गळणे हे त्रास औषधानुसार होतात. लिथियमची तहान सरबताने भागवू नये; साधे पाणी प्यावे. मुलांच्या ताटातले उरलेले संपविण्याची आयांची सवय वजनाच्या हिशेबात कोणी धरत नाही, ती धरावी. लॅमोट्रिजिन सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ उठल्यास घामोळे किंवा मुलाकडून आलेल्या कांजिण्या समजून थांबू नये, त्याच दिवशी दाखवावे.

आणखी एक तक्रार तपासणीत मोजता येत नाही. ‘मूल हसते, पण मला आतून काही होत नाही’, असे काही माता सांगतात. हा औषधाचा परिणाम असेल, उरलेले नैराश्य असेल, किंवा उन्मादाच्या उजळ दिवसांशी केलेली तुलना असेल. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. तिला कृतघ्न म्हणणे हा त्यांपैकी एकही उपाय नव्हे. चार-पाच वर्षांच्या मुलाला मात्र थोडक्यात सांगावे : ‘आईला औषधाने सकाळी झोप येते, तू त्रास दिलास म्हणून नाही.’ न सांगितल्यास मूल स्वतःच काहीतरी कारण ठरविते, आणि ते बहुधा स्वतःवर घेते.

दुसऱ्या बाळंतपणाचा विचार असल्यास तो आधी बोलावा. व्हॅल्प्रोएटमुळे गर्भात व्यंग व पुढे बौद्धिक वाढीत उणीव राहण्याचा धोका असल्याने मूल होण्याच्या वयातील स्त्रियांना ते देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितले आहे. जी आधीच ते घेत आहे तिने मनाने बंद न करता डॉक्टरांना भेटावे. लिथियम आईच्या दुधात उतरते. स्तनपानाचा निर्णय प्रसूतीपूर्वी, बालरोगतज्ज्ञांना बरोबर घेऊन करावा. प्रसूतीनंतरचे पहिले काही आठवडे हा या आजारातील सर्वांत जोखमीचा काळ असतो. दाखल करावे लागलेच, तर तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः आईपासून वेगळे करू नये, अशी तरतूद मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ मध्ये आहे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत आई व बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा कक्ष २००९ पासून आहे.

देणगीदारांपुढे एक गोष्ट मांडावीशी वाटते. या उपचारात गोळ्यांचा खर्च थोडा. खरा भार तपासण्यांचा. लिथियमची पातळी, थायरॉइड, क्रिएटिनिन व कॅल्शियम ठरावीक महिन्यांनी तपासावे लागते, आणि त्या दिवसाची मजुरी व प्रवासभाडे वेगळे. पातळी रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी मोजतात. म्हणजे बाहेरगावच्या बाईला सकाळची गोळी न घेता, मूल काखेत घेऊन पहिल्या गाडीने यावे लागते. रक्तनमुन्याच्या खोलीबाहेर एक सतरंजी, पिण्याचे पाणी, खेळण्यांची एक पेटी आणि आई आत असेपर्यंत मुलांकडे पाहणारी एक सेविका, एवढी सोय आम्हांला हवी आहे. तातडीच्या सल्ल्यासाठी शासनाची ‘टेलि-मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चालते. हा क्रमांक रुग्णाच्या औषधाच्या कागदावर लिहून ठेवावा.