वीणा : एक नाव, अनेक वाद्ये

तंजावरचे मराठा राजे पहिले तुळजाजी (१७२८–१७३६) यांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ रचला. अशा जुन्या ग्रंथांत ‘वीणा’ हा शब्द वारंवार येतो. परंतु त्याचा अर्थ सर्वत्र एकच नसतो.

प्राचीन काळी धनुष्याकृती वाद्यासही वीणा म्हणत. चौथ्या शतकातील समुद्रगुप्ताच्या नाण्यावर राजा तेच वाजविताना दिसतो. त्यात प्रत्येक स्वरासाठी निराळी तार असे. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची असून तिला २४ पडदे असतात. सतराव्या शतकात रघुनाथ नायकाच्या दरबारी तिला हे रूप आले, असे मानतात. तारेचा कंप पावणारा भाग निम्मा केला की स्वर एक सप्तक चढतो. त्याआधी १२ पायऱ्या, म्हणून २४ पडद्यांत दोन सप्तके मिळतात. वारकऱ्याची वीणा मात्र केवळ आधारस्वर धरते.

ग्रीकांच्या ‘लायर’च्या तारा दोन भुजांमधील आडव्या दांडीस बांधलेल्या असत. तिच्या नावाच्या तारकासमूहास मराठीत ‘स्वरमंडळ’ म्हणतात. तेजस्वी अभिजित तारा त्यातच आहे.

तेव्हा वाचकाने केवळ नावावरून वाद्य ठरवू नये. तारा कोठे बांधल्या आहेत आणि स्वर कसा बदलतो, हे आधी पाहावे.