हिरड्यांचे विकार आणि शरीराचे आरोग्य

वय झाले की दात पडायचेच, ही समजूत मराठवाड्याच्या ग्रामीण भागात खोलवर रुजलेली आहे. दात घासताना रक्त आले तर उष्णता वाढली असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. दात हलू लागला तर तो आपोआप गळून पडण्याची वाट पाहिली जाते. दंतवैद्याची आठवण होते ती दुखणे असह्य झाल्यावर. परंतु हिरड्यांच्या विकारात दुखणे बहुधा फार उशिरा येते, आणि तोपर्यंत हानी केवळ दातांपुरती राहिलेली नसते.

परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन 1 मे 1999 रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत या पाच तालुक्यांची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेनुसार 11,77,345 होती. यांपैकी बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात. त्यामुळे मुखारोग्याचा प्रश्न येथे शहरी दवाखान्यांपेक्षा शाळा, उपकेंद्र आणि ग्रामपंचायत यांच्या पातळीवरच सोडवावा लागणार आहे.

विकाराची सुरुवात

दातांवर जंतूंचा एक पातळ, चिकट थर सतत साचत असतो. तो रोज काढला गेला नाही तर हिरडीच्या कडेशी साठून राहतो. लाळेतील क्षारांमुळे तो कठीण होतो व त्याचे कीटण बनते. या जंतूंशी शरीर झुंजू लागते. हिरडी लाल होते, सुजते आणि ब्रश लागताच तिच्यातून रक्त येते. ही पहिली अवस्था होय.

ही अवस्था पूर्ण बरी होऊ शकते. डेन्मार्कमध्ये झालेल्या व 1965 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी हिरड्यांच्या बारा व्यक्तींनी दात स्वच्छ करणे थांबविले. दहा ते एकवीस दिवसांत त्या सर्वांच्या हिरड्यांना सूज आली. स्वच्छता पुन्हा सुरू होताच काही दिवसांत हिरड्या पूर्ववत झाल्या. हिरडीतून येणारे रक्त ही शरीराने वेळीच दिलेली सूचना असते, हे या प्रयोगाने स्पष्ट केले.

सूचना दुर्लक्षिली गेली तर सूज खोल उतरते. दात व हिरडी यांच्यामध्ये पोकळी तयार होते, तीत पू साठतो आणि दाताला आधार देणारे जबड्याचे हाड झिजू लागते. यालाच लोक पायोरिया म्हणतात. झिजलेले हाड सहसा भरून येत नाही. योग्य उपचाराने पुढील झीज मात्र थांबविता येते. हा रोग आपल्याकडे नवा नाही. सुश्रुतसंहितेत वर्णिलेल्या 65 मुखरोगांपैकी 15 रोग दंतमूलाचे आहेत. त्यांतील 'दंतवेष्ट' या रोगात हिरड्यांतून रक्त व पू येतो आणि दात हलू लागतात.

शरीराशी असलेला संबंध

हिरड्यांचा रोग आणि मधुमेह यांचे नाते दुहेरी आहे. रक्तातील साखर ताब्यात नसेल तर जंतूंशी लढण्याची शक्ती कमी होते आणि हिरड्यांचा विकार बळावतो. उलटपक्षी, हिरड्यांत दीर्घकाळ राहिलेल्या सुजेमुळे इन्सुलिनचे कार्य मंदावते व साखर आवरणे कठीण होते. 2022 साली 35 वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. हिरड्यांच्या उपचारानंतर तीन-चार महिन्यांनी मधुमेही रुग्णांची सरासरी साखर दर्शविणारे एचबीएवनसीचे प्रमाण सुमारे 0.4 ने उतरते, म्हणजे 8.4 टक्के असलेले 8 टक्क्यांवर येते, असे त्यात आढळले. नियमित औषध घेऊनही ज्याची साखर उतरत नाही, अशा रुग्णाच्या हिरड्या तपासून घेणे म्हणूनच अगत्याचे ठरते. औषधाला पर्याय म्हणून मात्र या उपचाराकडे पाहू नये.

हृदयविकाराच्या बाबतीत अधिक सावधपणे बोलावे लागते. हिरड्यांचा रोग असलेल्यांत हृदयविकार अधिक आढळतो हे खरे. परंतु तंबाखू, मधुमेह व वाढते वय ही कारणे दोहोंना समान आहेत. हिरड्यांवर उपचार केल्याने हृदयविकाराचा झटका टळतो, असे अद्याप सिद्ध झालेले नाही. गरोदरपणी हिरड्या अधिक सुजतात व रक्त येते. या काळात दातांची स्वच्छता व आवश्यक उपचार सुरक्षितपणे करता येतात. केवळ त्यामुळे अकाली प्रसूती टळेल, असा दावा मात्र करता येत नाही.

हा विवेक आवश्यक आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी पाश्चात्त्य देशांत शरीरातील अनेक रोगांचे मूळ दातांत आहे असे मानले गेले आणि असंख्य रुग्णांचे दात विनाकारण उपटले गेले. अतिरेकी समज ही दुर्लक्षाइतकीच घातक ठरते.

तंबाखू आणि मशेरी

दात घासण्यासाठी मशेरी लावणे ही अनेक घरांतील, विशेषतः स्त्रियांमधील, जुनी सवय आहे. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिने दात स्वच्छ होत नाहीत; हिरड्यांची हानी होते, व्यसन जडते आणि मुखकर्करोगाचा धोका वाढतो. धूम्रपान करणाऱ्यांत हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे रोग आतल्या आत वाढत असतानाही लक्षात येत नाही. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. 2003 च्या कायद्यानुसार शिक्षणसंस्थेपासून 100 यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकता येत नाहीत. या तरतुदी गावात पाळल्या जातात की नाही, हे पाहणे पंचायत सदस्यांच्या हाती आहे.

काय करता येईल?

उपाय साधे आहेत. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने आणि फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. राखुंडी, वाळू वा विटेची भुकटी वापरू नये. हळद-मिठाने हिरड्या चोळल्यास क्षणिक बरे वाटेल, पण चिकटलेले कीटण त्याने निघत नाही. ते दंतवैद्याकडूनच काढून घ्यावे लागते. कीटण काढल्यावर दात हलतात, ही समजूतही चुकीची आहे. दात आधीच सैल झालेले असतात. कीटणाने ती गोष्ट झाकलेली असते, एवढेच.

शिक्षकांना दुपारच्या भोजनानंतर चूळ भरण्याची सवय विद्यार्थ्यांना लावता येईल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत ज्या मुलांच्या दातांत दोष आढळला, ती पुढील उपचारासाठी खरोखर गेली की नाही, याची नोंदही त्यांना ठेवता येईल. तीस वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह, रक्तदाब व मुखकर्करोगासाठी तपासणी होते, तेव्हा 'हिरड्यांतून रक्त येते का, दात हलतात का' हे दोन प्रश्न विचारण्यास वेगळा खर्च लागत नाही. मधुमेहाच्या रुग्णांना वर्षातून एकदा तरी शासकीय रुग्णालयातील दंतविभागाकडे पाठविण्याची पद्धत प्रत्येक गावाने पाडावी.

दात गेलेला वृद्ध भाकरी कालवून खातो, कच्च्या भाज्या व शेंगदाणे सोडून देतो आणि हळूहळू त्याचा आहारच निकृष्ट होतो. हे वार्धक्याचे अटळ फळ नव्हे. वीस वर्षांपूर्वी हिरडीतून आलेल्या रक्ताची वेळीच दखल घेतली असती, तर ते बहुधा टाळता आले असते. आज जे तिशी-चाळिशीत आहेत, त्यांच्यासाठी ती वेळ अजून गेलेली नाही.