पान्याचा दांडा लांब, तर जोर कमी

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना गाडीच्या चाकाचा नट ढिला असला, तर चाक निसटू शकते. म्हणून मी पान्याचा हिशेब मांडला. नट नुसत्या जोराने फिरत नाही, नटापासूनचे अंतरही मोजावे लागते. जोर गुणिले अंतर, याला आघूर्ण म्हणतात. पाहा बरं :

30 किलो जोर × 20 सेंमी = 600
15 किलो जोर × 40 सेंमी = 600

अंतर दुप्पट, जोर निम्मा! मात्र जोर दांड्याशी काटकोनात हवा. 30 अंशांत लावला तर आघूर्ण निम्मेच. दांडा सरळ नटाकडे दाबला तर शून्य. नट हलतच नाही.

पण पान्याला लांब पाइप घालून लई आवळू नका, बोल्ट तुटतो. घरी गाडी असेल तर बाबांना हे नक्की सांगा.